ब्रदरनं थांब म्हणलं

"हात गरम हाय लेकराचा! अन् तुम्ही मेला म्हणून राह्यले?"

कौसल्याबाई एवढ्या जोरात ओरडल्या की आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर आडवे झालेले लोक उठून बसले.

"मावशी, मशीन चालू हाय म्हणून गरम हाय. डोकं संपलं त्याचं. ते परत येत न्हाई."

"छाती हालून राह्यली न बाबा! मला काय आंधळी समजलास?"

"ती छाती मशीन हालवून राह्यलं, मावशी."

"मंग बंद कर मशीन. बघू दे मला."

मामा मशीनच्या आडवा उभा राह्यला.

हे सगळं खरं हाय, आधीच सांगून ठेवतो. हा मामा म्हणजे माझा सख्खा मामा, सोमेश्वर. गाव हसनाबाद, नोकरी जालन्यात. ज्याला थापा वाटतात त्यानं इथूनच मागं फिरावं. खाली कमेंटमधी येऊन शहाणपणा शिकवू नये. मला पटकन राग येतो.

अन् ही रात्रीची गोष्ट न्हाई. भर दुपारची हाय. गेल्या वैशाखातली.

दवाखान्याचं नाव सांगत न्हाई. पण तुम्ही आयसीयू बघितला असंल तर म्हाईत असंल, आत खिडकी नसती. पांढरा उजेड अन् एसी. बाहेर रस्त्याचं डांबर वितळून राह्यलं तरी आत माणूस कुडकुडतो. आत गेलं की दुपार बी न्हाई अन् रात्र बी न्हाई.

मामा तिथं नर्स हाय. बाई असली की सिस्टर, माणूस असला की ब्रदर. कौसल्याबाईंना ते 'बिरादार' ऐकू आलं. त्यांना वाटलं याचं आडनावच बिरादार. शेवटपर्यंत तेच म्हणल्या. मामानं बी दुरुस्त केलं न्हाई.

त्यांचा धाकटा पोरगा कल्याण. बदनापूरवरून रोज रेल्वेनं यायचा, जालन्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. त्या दिवशी रेल्वे चुकली म्हणून दोस्ताची मोटारसायकल घेऊन आल्ता. घसरला. अंगावर साधं खरचटलं बी न्हाई. नुसतं डोकं.

डॉक्टर लोकांनी दोनदा तपासलं. मशीन बाजूला करून बघितलं, स्वतःहून श्वास घेतो का. न्हाई घेतला. सहा तास थांबून परत बघितलं.

न्हाईच घेतला.

डोकं मेलं, पण हृदय चालू. याला ब्रेनडेड म्हणतात. त्याची किडनी, लिव्हर, डोळे दुसऱ्याला बसवता येतात. घरच्यांनी हो म्हणलं तरच.

मोठा भाऊ भारत भिंतीवर मुठी आपटून राह्यल्ता. "मेला तर मेला म्हणा अन् आमच्या हवाली करा! कापाकापी कशाला?"

कौसल्याबाईंनी रडणं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं. मामाला विचारलं, "बिरादार, याच्यातलं काय काय चालू हाय अजून?"

मामानं सांगितलं.

"मंग देऊन टाका. पेटवून तरी काय करायचं? कुणाच्या तरी लेकराला लागंल." मंग त्यांनी मामाचं मनगट धरलं. "पण एक ध्यानात ठेव. वाया जाऊ देऊ नको. माझं लेकरू वाया गेलं तर मी तुला धरंन."

"न्हाई जाऊ देत, मावशी."

इथून मामा अडकला.

तुम्हाला वाटंल, मेलेल्याला काय सांभाळायचं? मामा म्हणतो, जित्याला सांभाळणं सोपं. डोकं गेलं की अंगाला हुकूम देणारं कुणीच राहत न्हाई. प्रेशर धाडकन पडतं. लघवी नळावानी सुरू होती, अंगातलं पाणी आटतं. अंग थंड पडायला लागतं. एकीकडून सलाईन ओतायचं, दुसरीकडून प्रेशरच्या औषधाचा पंप चालू ठेवायचा, अंगावर गरम हवेचं पांघरूण घालायचं. डोळे सुकू नयेत म्हणून थेंब टाकायचे. ऑपरेशनची टीम संभाजीनगरवरून येईपर्यंत हे सगळं बराबर ठेवायचं. हृदय मधीच थांबलं तर सगळं मातीत.

मामा एकटा त्या बेडला. दुसरीकडं जायचं न्हाई, असं डॉक्टर बजावून गेल्ते.

मामाला एक सवय हाय. पेशंट बेशुद्ध असला तरी तो बोलतो. 'दादा, कूस बदलतो हं.' 'आजी, सुई टोचंल जराशी.' कल्याणशी बी तसंच.

"कल्याण, डोळ्यात औषध टाकून राह्यलो बरं का."

कल्याण पडलेला. तोंडात नळी. मशीनचा आवाज...

सूऽऽ... टक्.

सूऽऽ... टक्.

अन् एकदम प्रेशर पडलं.

नव्वद... सत्तर... पन्नास...

मामानं पंप वाढवला. सलाईन सोडली. साधना सिस्टरला हाक मारली. त्या आयसीयूच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. त्या धावत आल्या, दुसरा पंप जोडला. काहीच होईना. चाळीस...

मामाला कौसल्याबाईंचा हात आठवला. मनगटावर.

तो वाकला. कल्याणच्या कानाला तोंड लावून बोलला.

"थांब कल्याण. जाऊ नको. मी सांगत न्हाई तवर हालायचं न्हाई!"

प्रेशर चढलं.

पन्नास. ऐंशी. एकशे अठरा.

"लागलं बाई औषध," साधना सिस्टर म्हणल्या. मामानं घाम पुसला. एसीत घाम.

थोड्या वेळानं मामाच्या ध्यानात आलं...

आकडा हालून राह्यला न्हाई.

एकशे अठरा खाली शहात्तर. नाडी ऐंशी. जिता माणूस असो का असा असो, आकडे सारखे मागंपुढं होत राहतात. एकशे अठरा, एकशे वीस, एकशे सोळा. हे आकडे जागेवर थिजलेले.

मामाला वाटलं मॉनिटर हँग झाला. त्यानं हातानं पट्टा बांधून मोजलं.

एकशे अठरा. शहात्तर.

परत मोजलं.

तेच.

हालायचं न्हाई म्हणला होता न मामा... ते हालून राह्यलं नव्हतं.

समोरच्या बेडवर रखमाजी नावाचे म्हातारे होते. निमोनियातून उठत होते, बोलायला लागले होते. मघापासून मामाकडं टक लावून बघून राह्यल्ते.

"ब्रदर..."

"काय आजोबा? पाणी पाहिजे?"

"मला न्हाई. त्या पोराला बस तरी म्हण. कवाचं उभं हाय."

"कोणतं पोरगं?"

रखमाजींनी नळी लावलेला हात उचलला. बोट दाखवलं.

"तुझ्या मागं हाय की."

मामानं मागं बघितलं...

भिंत. सलाईनचा स्टँड. बाकी काही न्हाई.

साधना सिस्टर हसल्या. "म्हाताऱ्यांना आयसीयूत दिसतंच रे काहीबाही. परवा यानंच मला म्हैस धुवायला पाठवलं होतं."

मामा बी हसला. पण पाठीला भिंत लावूनच उभा राह्यला.

दुपार वर चढली. निदान बाहेर तरी चढली असंल. टीम अजून वाटंत होती. मामानं सकाळपासून चहा बी घेतला नव्हता अन् त्याला लघवीला लागल्ती. इकडं कल्याणची पिशवी भरून भरून वाहून राह्यली अन् याला जायला जमंना. शेवटी साधना सिस्टरला म्हणला, "दोन मिनिटं बघता का? आलोच."

"जा, जल्दी ये."

मामा दारापर्यंत गेला.

मागं मॉनिटर बोंबलायला लागला.

"सोमेश्वर! पडलं रे! साठ!"

तो पळत आला. बेडच्या दांडीला हात लावला...

एकशे अठरा.

सिस्टर त्याच्या तोंडाकडं बघायला लागल्या. त्यांनी काही केलंच नव्हतं. पंपाला हात बी लावला नव्हता.

मामा परत दाराकडं चालला. मुद्दाम. पाठमोरा न जाता, तोंड बेडकडं करून, एकेक पाऊल मागं.

शंभर... नव्वद... सत्तर...

एक पाऊल पुढं.

एकशे अठरा.

"बाई गं," सिस्टर म्हणल्या.

आता मामा कुठं जाणार? हालला तर कल्याण जाणार. कल्याण गेला तर त्या म्हातारीचं देणं वाया जाणार, अन् ज्याच्यासाठी टीम निघाली तो बी जाणार. मामानं स्टूल ओढलं अन् बेडला चिकटून बसला. लघवीचं काय केलं ते मी विचारलं न्हाई. तुम्ही बी विचारू नका.

तेवढ्यात कल्याणचा हात उठला.

हळूच. कोपरातून. छातीपर्यंत.

मामा घाबरला न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ब्रेनडेड माणसाचा हात कधी कधी आपोआप उठतो. पाठीच्या कण्यातून होतं ते. घरचे बघून येडे होतात, म्हणून पडदा लावून ठेवायचा.

मामानं पडदा ओढला. हात परत खाली ठेवायला गेला...

कल्याणच्या बोटात मामाच्या शर्टाचं टोक होतं.

कण्यातून हात उठतो, मान्य. पण धरतो?

मामानं एकेक बोट सोडवलं. घट्ट होती बोटं. अन् गरम.

साधना सिस्टर पडद्याच्या आत आल्या. आता हसून राह्यल्या नव्हत्या. हळू आवाजात बोलल्या.

"सोमेश्वर, मघा तू त्याला काय म्हणलास? मी सांगत न्हाई तवर?"

"हो."

"आमच्या शहागडला मरणाऱ्या माणसाला थांब म्हणत न्हाईत. जीव अडकतो. आता काम होऊ दे. पण झालं की याद ठेवून सांग त्याला. जा म्हण. तूच म्हणायचं, दुसऱ्याचं ऐकायचा न्हाई तो."

"सिस्टर, तुम्ही शिकलेल्या..."

"शिकलेली हाय म्हणून आकडा दिसून राह्यला न मला."

टीम आली. बेड ऑपरेशनला निघाला. दवाखान्याची सगळी माणसं बोळात दोन्ही बाजूला हात जोडून उभी राह्यली. कौसल्याबाई मधी. त्यांनी कल्याणच्या कपाळावर हात ठेवला, कुणाकडं बघितलं न्हाई. भारत तोंड फिरवून उभा होता.

मामाला आत जावंच लागलं. दांडीवरून हात काढला की आकडा पडत होता. डॉक्टरांना काय सांगणार? म्हणला, मी पंप सांभाळतो. कुणी अडवलं न्हाई.

आतलं सगळं सांगत न्हाई. मामानं बी सांगितलं न्हाई. एवढंच की शेवटी नसांमधून थंड पाणी सोडतात, हृदय थांबतं, मंग श्वासाचं मशीन बंद करतात. पाणी सोडलं.

हृदय चालू.

सगळे वाट बघून राह्यले.

चालूच.

"यंग पोरगा हाय," मोठे डॉक्टर म्हणले. पण मास्कच्या वर त्यांच्या कपाळाला आठी पडल्ती. "अजून सोडा."

सोडलं. हृदय हळू झालं, पण थांबंना. थेंब गळावा तसं. टप्... टप्...

काचंच्या पलीकडून साधना सिस्टर मामाकडं बघून राह्यल्त्या. ओठ हालवून सांगत होत्या. सांग. सांग त्याला.

मामानं मास्क खाली ओढला अन् डोक्याकडून वाकला. कल्याणच्या कानाला तोंड लावलं.

आता तुम्ही मला सांगा. तुमच्या दारातून कुणी निघालं तर तुम्ही काय म्हणता? 'जा' म्हणता? न्हाई म्हणत. 'जा' फक्त मेलेल्याला म्हणतात. आई म्हणती, ये. बाप म्हणतो, या बरं का. लहानपणी 'जातो' म्हणलं की तोंडावर चापट बसती. जिभेला वळणच पडलेलं असतं.

अन् मामा तर दिवसभर त्याच्याशी जित्यावानी बोलल्ता.

मामा म्हणला, "झालं तुझं काम. ये बरं, कल्याण. सावकाश ये."

लाइन सरळ झाली.

मशीन बंद केलं. एकदम शांत. इतकं शांत की मामाला स्वतःचं घड्याळ ऐकू आलं. सगळ्यांनी मान खाली घातली. मामाला वाटलं, सुटलो.

सगळं काढून, शिवून झाल्यावर बाहेर आला तर साधना सिस्टरचं तोंड पांढरं पडलेलं.

"काय म्हणलास तू त्याला?"

"सांगितलं की."

"मी ओठ बघून राह्यल्ते, सोमेश्वर. जा न्हाई म्हणलास."

मामाला तवा कळलं.

त्यानं परत आत जाऊन सांगितलं. जा कल्याण. जा बाबा. पण आत आता नुसतं शिवलेलं, पुसलेलं अंग होतं. ऐकायला कुणी नव्हतं तिथं...

जो ऐकणारा होता तो आधीच आल्ता.

किडन्या बराबर बसल्या. लिव्हर बी. दोन बाया अन् एक शिक्षक, एवढंच कळलं, नावं सांगत न्हाईत. वाया गेलं न्हाई काहीच.

दोन-तीन दिवसांनी रखमाजींना घरी सोडलं. खुर्चीवर बसवून न्हेऊन राह्यल्ते. मामा सोडायला आला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, मंग त्याच्या खांद्याच्या मागं बघितलं.

"अजून याला घरी न्हेलं न्हाई का?"

मामा त्या दिवशी अर्ध्या ड्युटीवरून घरी आला. कडक ऊन. लाइट गेलेली. पंखा बंद, कूलर बंद, गल्लीत कुत्रं बी न्हाई. मामी फरशीवर पडल्ती. मामा बाजूला टेकला.

अन्...

सूऽऽ... टक्.

मामानं श्वास धरून ठेवला. आपला तर आवाज न्हाई न?

सूऽऽ... टक्.

मामी उठून बसली. "फ्रीजचा आवाज हाय का हो?"

लाइट न्हाई. फ्रीज कसा वाजंल?

त्या दिवसापासून घर शांत झालं की येतो. टीव्ही लावला की दबतो. म्हणून मामाच्या घरी टीव्ही बंद होत न्हाई. मामा किती वेळा म्हणला, जा. रडून म्हणला, शिव्या देऊन म्हणला, हात जोडून म्हणला. न्हाई. पाठीमागचं मशीन थांबत न्हाई.

साधना सिस्टर म्हणल्या, "आता तुझं न्हाई ऐकायचा. आईला म्हणायला लाव."

मामा बदनापूरला गेला. दहावा होऊन गेल्ता. भारतनं दारातच अडवलं.

"दहाव्याला कावळा शिवला न्हाई. सगळा गाव बघत बसला उन्हात. आता काय घ्यायला आले?"

मामानं खाली बसून सगळं सांगितलं. काही ठेवलं न्हाई. भारत अंगावर धावला. "आमचा भाऊ काय शेळी हाय का, तुमच्या मागं मागं यायला?"

"गप रे," कौसल्याबाई म्हणल्या. त्या चुलीपासून उठून आल्या. मामाच्या समोर बसल्या. "दिसतो का, बिरादार?"

"न्हाई मावशी. ऐकू येतो."

"श्वास घेतो?"

"...हो."

म्हातारी हसली. मामा म्हणतो, आयसीयूत एवढं बघितलं, पण तसं हसू बघितलं न्हाई.

"मी म्हणलंच होतं. हात गरम होता."

"मावशी, तुम्ही एकदा म्हणा त्याला. जा म्हणा. आईचं ऐकंल. तो बी सुटंल, मी बी सुटंन."

"आईनं जा म्हणायचं?" त्यांचा आवाज एकदम चढला. "तुम्ही द्या म्हणले, मी दिलं. डोळे दिले. पोटातलं दिलं. माझ्यासाठी काही ठेवलं न्हाई. आता श्वास राह्यला तेवढा. तो बी देऊ?"

मामा उठायला लागला.

"अन् तू बी म्हणायचं न्हाई," त्या म्हणल्या. मनगट धरलं. तसंच. "माझ्या लेकराला कुणी जा म्हणलं तर माझा तळतळाट लागंल. संभाळ त्याला. तुला जमतं. मी येत जाईन बघायला."

तवापासून त्या येतात. दर बाजारच्या दिवशी. मामाच्या घरात कोपऱ्यात बसतात, टीव्ही बंद करायला लावतात अन् ऐकत राहतात. मामा तोंड दाबून स्वयंपाकघरात. मामी माहेरी गेली ती आली न्हाई. मामाला पुण्यात चांगली नोकरी लागल्ती. म्हातारी उंबऱ्यात बसून राह्यली, तो गेला न्हाई. आता कुठं जात बी न्हाई.

मामी गेल्यापासून मी मामाकडंच राहतो. त्यांना स्टँडवरून आणायचं अन् परत सोडायचं, ते माझ्याकडं हाय. मोटारसायकलवर. सोडायला जाताना त्या मागं सरकून बसतात, पार कडेला. माझ्यात अन् त्यांच्यात एका माणसाची जागा सोडून. मी एकदा चिडून म्हणलो, "पडशील म्हातारे, पुढं सरक की!" तर म्हणल्या, "सोडायला आलाय न तो." मी म्हणलो येडी हाय. आणताना तर माझ्या पाठीला चिकटूनच बसतात, मंग कशाला डोकं लावायचं?

गेल्या बाजारी मी स्टँडवर पोहोचलो. म्हातारी आली. माझ्याकडं बघितलं न्हाई. माझ्या मागं बघून हसली.

अन् आणताना बी जागा सोडून बसली.

म्हणजे स्टँडवर मी एकटा गेल्तो न्हाई.

आता बी फोन वाजून राह्यला. बदनापूरची गाडी आली असंल. घरात दुसरं कुणी न्हाई पाठवायला. मला निघावं लागंल.